दोन शतांश मिलिमीटर

मी फक्त दांडा कातला त्याचा.
लेथवर, तीन रात्री,
बंद पडलेल्या ट्रक कारखान्यातून वाचलेल्या पोलादाचा,
दोन शतांश मिलिमीटरच्या आत.
एवढंच माझं. बाकीचं एमझारचं,
आणि त्याहून उरलेलं गावाचं.

त्किबुलीत वाळत घातलेल्या चादरींवर कोळशाची पूड बसते.
बायका ती झटकतात, न बघता,
कपाळावरची बट मागे सारावी तशी.
खाणीचा भोंगा सहाला होतो.
अवेळी झाला
तर सगळ्या दारांत बायका उभ्या, हातांना पीठ तसंच.
म्हणून एमझार म्हणाला,
धूर नाही, तेल नाही, खाली उतरणं नाही,
तेव्हा शेवटचे तीन शब्दच काय ते ऐकू आले सगळ्यांना.

एका अंगाला नदीचं गार पाणी,
दुसऱ्या अंगाला उन्हात तापलेली हवा,
मधल्या फरकातून निघालेली फिरकी.
‘फरकावर चालतं? मग इथे काय तोटा,’
म्हातारा बिचिको म्हणाला,
‘वरच्या गल्लीत मॅनेजरच्या मेहुण्याचा बंगला आहे.’

पहिल्या दिवशी वहीत लिहिलं होतं: चाळीस वॅट.
पेन्सिलीनं, खाली तारीख. मी पाहिलंय.
पावाच्या भट्टीपर्यंत पोचेतो त्याचे चारशे झाले.
मार्शरुत्कात बसून कुताइसीला गेले
आणि चार किलोवॅट होऊन परतले.
मग टीव्हीची गाडी आली.
चढावर बुटांत धडपडणारी एक मुलगी म्हणाली, ‘संपूर्ण खोरं!’
तुरी बाजारात, आणि आमच्याकडे
फोडणी करपायच्या बेताला आलेली.

फीत कापली त्या दिवशी
लांब टेबलं, खाचापुरी, वाइनचं शिंग.
तमादा उठला: यंत्राच्या नावाने एक घोट,
यंत्राच्या आईबापाच्या नावाने एक,
यंत्राला होणाऱ्या लेकरांच्या नावाने एक.
ते फिरलं. खरंच फिरलं.
दिवा लागला, भर दुपारी,
त्यामुळे लागलाय की नाही हे
हात जवळ नेऊन बघावं लागलं.
टाळ्या थांबेनात.
एमझार उभा राहून म्हणाला, ‘पण हे अजून...’
आणि कुणीतरी त्याचा ग्लास भरला.

लामाराने गाय विकली.
सोनेरी किनारीचा कागद मिळाला, शेअरचा,
तिबिलिसीतल्या काचेच्या ऑफिसातून.
‘गुरामला वर काढायचाय,’ मला म्हणाली,
जणू तो विहिरीत पडलाय.
तो रोज चारला वर येतो. चौदा वर्षं येतोय.
मी तिला आकडा सांगू शकलो असतो.
तोंडात खाचापुरी होती. नंतर नव्हती,
तरीही.

वसंतात काचेचं ऑफिस रिकामं झालं.
फुंडीतली झाडंसुद्धा नेली म्हणे.
एमझार कुठेही गेला नाही.
कुणी त्याच्या तोंडावर थुंकलं नाही,
त्याला ते चाललं असतं.
लोक फक्त पाव घेताना रांगेत
त्याच्यापुढे एक माणूस जाईल एवढी जागा सोडत.

यंत्र आता लामाराच्या खुराड्यात आहे.
ऊन नाही तिथे, खताच्या ढिगाची ऊब आहे,
आणि ओढ्याचं पाणी, नळीतून.
जुन्या बल्बखाली अकरा पिल्लं.
सोनेरी किनारीचा कागद
वाऱ्याची फट बुजवायला दाराला ठोकलाय.
रविवारी मी तेल घालतो.
दांडा मोजतो. अजून दोन शतांशातच आहे.

चारनंतर गुराम येतो,
हात धुऊनही नखांत खाण राहिलेली.
उकिडवा बसतो, एक पिल्लू तळव्यावर घेतो.
‘किती?’
‘अठ्ठावीस.’
‘वॅट?’
‘वॅट.’
‘खरे?’
मी वही पुढे करतो.
तो वाचत नाही, नुसता बोट ठेवतो आकड्यावर,
आणि तिथे काळा ठसा उमटतो.